दहा मीटर पुढून सुटलेला जिंकला, तर तो विजय खरा का?

प्रश्न आला तो असा. 2025 च्या ईस्टरला ऑस्ट्रेलियातल्या स्टॉवेल गावी 120 मीटरची शर्यत झाली. तीत 17 वर्षांचा गाउट गाउट धावला. 200 मीटर 20.04 सेकंदांत पळून पीटर नॉर्मनचा 1968 पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडणारा हाच तो मुलगा. त्याला इतरांच्या मागे, एक मीटरच्या खुणेवर उभं केलं होतं. उपांत्य फेरीत तो दुसरा आला आणि तिथेच थांबला. शर्यत जिंकली जॉन एव्हान्सने, जो जवळपास दहा मीटर पुढून सुटला होता. विचारणाऱ्याला खटकलं ते हे: जो सर्वांत वेगवान त्यालाच मागे ढकलायचं, मग ही स्पर्धा कशाची? आणि पैशांसाठी अशा पद्धतीने धावण्याची चाल पडली कुठून?

मी व्हिक्टोरिया राज्यात राहतो आणि इथल्या व्यावसायिक शर्यतींसाठी धावपटू तयार करतो. या विषयावर थोडक्यात उत्तर देणं मला जमत नाही, कारण इतिहास कळल्याशिवाय ही शर्यत न्याय्य आहे की नाही हे ठरवता येत नाही.

आधी रचना समजून घेऊ. हँडिकॅप शर्यतीत प्रत्येकाला सुटण्याची वेगळी खूण मिळते, तिला मार्क म्हणतात. जो पूर्ण अंतर धावतो तो स्क्रॅचवर. बाकीचे आपापल्या वकुबानुसार दोन, पाच, आठ, दहा मीटर पुढे. खुणा पाव-पाव मीटरच्या फरकाने दिल्या जातात. हे मार्क ठरवणारा अधिकारी म्हणजे हँडिकॅपर. त्याने काम चोख केलं, तर सगळे जण एकाच क्षणी फितीला छाती लावतील. तसं कधी होत नाही, पण तोच त्याचा दावा असतो आणि तो शर्यतीआधी छापून जाहीर होतो. पुण्याच्या किंवा महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर घोड्यांच्या पाठीवर वजन वाढवून जे साधतात, ते इथे अंतर कमी करून साधतात.

आकड्यांत बघा. एक मुलगा 100 मीटर 10.3 सेकंदांत धावतो, दुसरा 10.9 मध्ये. 120 मीटरला दोघांत साधारण पाऊण सेकंदाचं अंतर पडेल. त्या वेगाला पाऊण सेकंद म्हणजे सात-साडेसात मीटर. दुसऱ्याला तेवढा पुढे उभा केला की दोघे बरोबरीचे. आता त्या दुसऱ्याने दोन हंगाम नेटाने मेहनत करून आपली वेळ 10.7 वर आणली आणि ते हँडिकॅपरला कळलंच नाही, तर त्याच्या खिशात दोन-अडीच मीटर जास्तीचे आले. एक दशांश सेकंद म्हणजे सुमारे एक मीटर, हे समीकरण इथल्या प्रत्येक प्रशिक्षकाच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. व्यावसायिक धावशर्यतींचा दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास हा त्या लपवलेल्या मीटरचा आणि ते हुडकून काढणाऱ्यांचा इतिहास आहे.

आपल्याकडे जत्रेच्या कुस्त्यांना पंच जोड लावतात, तेव्हा दोघांचं वय, वजन, मागच्या मैदानांतली कामगिरी हे सगळं नजरेने तोलून लावतात. जोड बरोबर लागली तर मैदान जागं होतं. हँडिकॅपरचं काम त्याच जातीचं आहे, फक्त त्याला एकाच वेळी शंभरावर माणसांची जोड लावायची असते.

आता मूळ गावाकडे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये पैज लावून धावणं हा मोठा करमणुकीचा धंदा होता. बहुतेक सामने दोघांत व्हायचे. दोन बाजू पैसे ठेवायच्या, एखादा दारूच्या गुत्त्याचा मालक ती रक्कम सांभाळायचा आणि सामन्याच्या दिवशी त्याच्याच गुत्त्यावर गर्दी उसळायची. पण दोघांच्या सामन्याची एक अडचण आहे. एखादा माणूस फार वेगवान निघाला की त्याच्याशी खेळायला कोणी तयार होत नाही. त्यावर तोडगा म्हणून मागचा-पुढचा मार्क देण्याची पद्धत आली, आणि ती आली तशी मैदानात दोघांऐवजी पन्नास-शंभर धावपटू उतरवता येऊ लागले. हीटवर हीट (हीट म्हणजे प्राथमिक फेरी), दोन-दोन दिवस चालणारा कार्यक्रम, आणि प्रत्येक हीटवर सट्टा.

या प्रकाराची राजधानी होती शेफील्ड. पोलादाचं, सुऱ्या-कात्र्यांचं, कामगारांचं शहर. 1850 च्या दशकापासून पुढे तीसेक वर्षं तिथल्या हँडिकॅपना देशभरातून धावपटू आणि बुकी यायचे. त्या शहराचं नाव या शर्यतीला इतकं चिकटलं की ऑस्ट्रेलियात आजही ॲडलेडजवळच्या ग्लेनेल्गला होणाऱ्या मोठ्या हँडिकॅपचं नाव ‘बे शेफील्ड’ आहे. ती 1887 पासून आहे.

स्कॉटलंडमध्ये एडिनबराच्या पाऊडरहॉल मैदानावर 1870 च्या नववर्षाला पहिली न्यू इयर स्प्रिंट झाली आणि जेडबरोच्या डॅन वाइटने ती जिंकली. जेडबरो हे सीमाभागातलं छोटं गाव. त्या पट्ट्यातल्या गावोगावच्या उन्हाळी खेळांतून पाऊडरहॉलला धावपटू पुरवले जायचे. ती शर्यत पुढे मैदानं बदलत राहिली, पण बंद पडली नाही.

याच काळात ‘सभ्य’ लोकांनी वेगळी चूल मांडली. 1866 मध्ये लंडनमध्ये अमॅच्युअर ॲथलेटिक क्लब निघाला. हौशी कोण, याची त्यांनी जी व्याख्या केली तीत पैशांसाठी धावणारे तर वगळलेच, पण कारागीर आणि मजूर यांनाही वगळलं. म्हणजे माणूस एक पैसा न घेता धावला, तरी तो हाताने काम करणारा असेल तर त्याला दार बंद. 1880 मध्ये अमॅच्युअर ॲथलेटिक असोसिएशन स्थापन झाली तेव्हा मजुरांवरची बंदी गेली, पैशांवरची राहिली. आज ‘व्यावसायिक शर्यत म्हणजे काहीतरी हलकं’ असा जो सूर ऐकू येतो, त्याची मुळं मला त्या पहिल्या व्याख्येत दिसतात. मजुराला मैदानाबाहेर ठेवून मग त्याच्या मैदानाला बदनाम म्हणणं, हे मला आजही पटत नाही.

बदनामीला कारणं नव्हती असं मात्र नाही. हॅरी हचन्सचीच गोष्ट घ्या. लंडनच्या पट्नी भागातला हा माणूस एकोणिसाव्या शतकातला माझ्या मते सर्वांत मोठा धावपटू. जानेवारी 1884 मध्ये पाऊडरहॉलवर त्याने 300 यार्ड 30 सेकंदांत पार केले. शेफील्डला 131¼ यार्ड 12¼ सेकंदांत, अशीही त्याची नोंद आहे. त्या अंतराचे मीटर करून बघा, बरोबर 120 येतात, म्हणजे आजच्या स्टॉवेलचंच अंतर. घड्याळं हाताने चालवायची आणि पाव सेकंदापर्यंतच वाचायची, हे धरूनही हा आकडा आजच्या अंतिम फेरीत शोभेल असा आहे. कातडी बूट, माती-राखेची धावपट्टी, सुटायला आधार नाही, अशा काळातला.

आणि हाच हचन्स सप्टेंबर 1887 मध्ये लंडनच्या लिली ब्रिज मैदानावर हॅरी जेंटशी धावणार होता. हे मैदान साधंसुधं नव्हतं. इंग्लंडच्या एफ.ए. कप या फुटबॉल स्पर्धेचा 1873 चा अंतिम सामना तिथे झाला होता आणि वर सांगितलेल्या हौशी क्लबचं घरही तेच होतं. हजारो लोक तिकीट काढून आत बसले. बाहेर कपडे बदलण्याच्या खोल्यांत मात्र दोन्ही बाजूंच्या सट्टेवाल्यांची घासाघीस चालू होती, आणि विषय होता कोणी हरायचं. एकमत होईना. शेवटी दोन्ही धावपटूंना मैदानातून बाहेर काढून नेलं आणि गेटवर जमलेला पैसाही गेला. बसलेल्या लोकांना कळलं तेव्हा त्यांनी कुंपणं उखडली, स्टँड पेटवून दिला. शेजारच्या रेल्वेचा एक अधिकारी या धामधुमीत मरण पावला. लिली ब्रिज त्यातून पुन्हा सावरलं नाही, आणि इंग्लंडमधल्या मोठ्या व्यावसायिक शर्यतींचाही उतार तिथून वेगाने सुरू झाला.

नीट पाहिलं तर लिली ब्रिजला जे घडलं ते दोघांच्या सामन्यात घडलं. दोघांत एकाला फितवलं की निकाल तयार. सहा जणांच्या अंतिम फेरीत, त्यातही शंभर जणांतून गाळून आलेल्या सहांत, सगळ्यांना फितवणं महाग पडतं. हँडिकॅप शर्यतीत नूरा कुस्ती लावणं अवघड आहे. तिथे लबाडी दुसऱ्या वाटेने येते, आणि ती वाट बरीच लांबची, धीराची असते.

तिला इथे ‘डेड पळणं’ म्हणतात. एखाद्या प्रशिक्षकाला एक गुणी, अनोळखी मुलगा सापडतो. मुलगा लहान-लहान गावांतल्या शर्यतींत उतरतो आणि कधी चौथा येतो, कधी पाचवा. जाणकारालासुद्धा तो प्रामाणिकपणे धावतोय असंच वाटावं लागतं. सुटताना किंचित उशीर, शेवटच्या तीस मीटरमध्ये खांदे आवळून घेणं, आदल्या दिवशी मुद्दाम जड व्यायाम. हँडिकॅपर त्याला दर हंगामात पाव-अर्धा मीटर पुढे सरकवत जातो. पूर्वीच्या काळी मग त्या मुलाला दोन-अडीच महिने एखाद्या झोपडीत किंवा गुत्त्याच्या माडीवर ठेवायचे. प्रशिक्षक त्याचं खाणं, मालिश, झोप सगळं सांभाळायचा आणि खर्चही करायचा. पहाटे कोणी नसताना दोरी लावून ट्रायल घ्यायचे. ती वेळ फक्त दोघा-तिघांना ठाऊक. अशा गोटाला इथे स्टेबल म्हणतात. शर्यतीच्या दिवशी स्टेबलची माणसं गर्दीत पांगून एकदम सगळ्या बुकींकडे पैसे लावायची, म्हणजे भाव कोसळायच्या आत चांगला दर पदरात पडायचा. बक्षिसाची रक्कम या सट्ट्यापुढे किरकोळ असायची.

स्कॉटलंडमध्ये खोट्या नावाने धावणंही सर्रास होतं. त्यातले सगळेच लबाड नव्हते. कित्येकांना फुटबॉलच्या किंवा हौशी क्लबच्या नियमांपासून स्वतःला वाचवायचं असायचं.

ऑस्ट्रेलियात हे सगळं सोन्याच्या मागोमाग आलं. 1850 च्या दशकात व्हिक्टोरियात सोनं सापडलं आणि स्कॉटिश, इंग्लिश, आयरिश खाणकामगार आपले खेळ घेऊन उतरले. स्टॉवेल हे त्यातलंच एक खाणीचं गाव. 1877 मध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी ॲथलेटिक क्लब काढला. 1878 च्या ईस्टरला पहिली ‘स्टॉवेल गिफ्ट’ झाली (सुरुवातीला सांगितलेली शर्यत ती हीच), अंतर 130 यार्ड. विल्यम मिलार्ड नावाच्या शेतकऱ्याने ती जिंकली, बक्षीस 24 पौंड. 1898 पासून शर्यत सेंट्रल पार्कवर होते. 1973 मध्ये अंतर 120 मीटर झालं. दुसऱ्या महायुद्धातली चार वर्षं आणि 2020 चा कोविड सोडला तर ती सलग चालू आहे.

गवताचं मैदान, शेवटाकडे किंचित चढ. लेनच्या मधे पांढऱ्या रेघांऐवजी दोऱ्या ताणलेल्या. अंतिम फेरीत सहा जण, आणि सहांना ठरलेले रंग: लाल, पांढरा, निळा, पिवळा, हिरवा, गुलाबी. लाल सर्वांत मागच्याचा, त्याला बॅकमार्कर म्हणतात. हे रंग सट्ट्यासाठी आणि गर्दीसाठी सोयीचे म्हणून आले. लांबून नाव वाचता येत नाही, पण ‘लाल वर येतोय’ हे शेवटच्या रांगेतल्यालाही दिसतं. चूक करून आधी सुटलात तर दंडही अंतराचाच: एक मीटर मागे जा. हौशी शर्यतींतल्या हकालपट्टीपेक्षा मला ही शिक्षा जास्त शहाणपणाची वाटते. माणूस शर्यतीत राहतो आणि चुकीची किंमतही मोजतो.

सिडनीकडे केंद्र होतं बॉटनीचं सर जोसेफ बँक्स हॉटेल. हॉटेलच्या आवारातच धावपट्टी होती आणि 1880 च्या दशकात तिथे मोठमोठी हँडिकॅप व्हायची. इथेच चार्ली सॅम्युअल्सचं नाव घेतलं पाहिजे. क्वीन्सलँडच्या डॅल्बी भागातला हा आदिवासी, गुरांच्या मळ्यावर काम करणारा. हचन्स ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर आला असताना 1887 मध्ये सॅम्युअल्सने त्याला हरवलं. जगातल्या सर्वांत वेगवान मानल्या गेलेल्या माणसाला. त्याचा शेवट 1912 मध्ये बारंबा या सरकारी आदिवासी वसाहतीत झाला. त्याच्या नावाची वेळ, विक्रम, पुतळा असं फारसं काही त्याच्या हयातीत मागे राहिलं नाही, आणि या खेळाच्या इतिहासातली ही गोष्ट मला सर्वांत जास्त सलते.

तो एकटा नव्हता. 1883 ची स्टॉवेल गिफ्ट एबेनेझर या ख्रिस्ती मिशनवरच्या बॉबी किनिअरने जिंकली. 1910 ची टॉम डॅन्सीने. 1928 ची लिंच कूपरने, ज्याचे वडील विल्यम कूपर आदिवासींच्या हक्कांसाठी आयुष्यभर झगडले. वाकून, हात जमिनीला टेकवून सुटण्याची पद्धत ऑस्ट्रेलियात पहिल्यांदा बॉबी मॅक्डॉनल्ड या आदिवासी धावपटूने वापरली असं सांगितलं जातं. त्या काळात एखाद्या आदिवासी मजुराला गोऱ्यांच्या बरोबरीने, गोऱ्यांच्या मैदानात, सर्वांसमोर जिंकून रोख रक्कम घेऊन जाता येईल अशा जागा बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. ही शर्यत त्यांतली एक होती. मार्क देताना त्यांच्यावर अन्याय झालाच नसेल असं मी म्हणणार नाही. वर्तमानपत्रं त्यांच्या नावापुढे जात छापायची. तरीही मार्क मीटरमध्ये होता, मोजता येत होता, आणि त्याला धावून उत्तर देता येत होतं.

1895 मध्ये व्हिक्टोरियन ॲथलेटिक लीग स्थापन झाली. तोवर प्रत्येक गावाचा हँडिकॅपर वेगळा आणि प्रत्येकाची वही वेगळी असायची. एका गावी जिंकलेला माणूस चाळीस मैलांवरच्या दुसऱ्या गावी अनोळखी म्हणून उतरू शकायचा. लीगमुळे नोंदी एका जागी आल्या. एखादा जिंकला की पुढच्या शर्यतीत त्याला किती मागे ओढायचं याचे नियम झाले. डेड पळणं त्याने थांबलं नाही, पण दोन महिन्यांचं काम दोन वर्षांचं झालं, आणि इतकी वर्षं गुण दाबून ठेवणं बहुतेक तरुणांना सोसत नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आर्थर पोस्टल आणि जॅक डोनाल्डसन ही जोडी गाजली. एकाला ‘किरमिजी लखलखाट’ तर दुसऱ्याला ‘निळी रेघ’ अशी टोपणनावं होती, अंगावरच्या कपड्यांवरून. डोनाल्डसनने 1910 मध्ये जोहान्सबर्गला 100 यार्ड 9⅜ सेकंदांत मारले. हौशी विक्रमांच्या यादीत त्याला जागा नव्हती, कारण त्याने पैसे घेतले होते.

ही भिंत किती निष्ठुर होती ते जॉर्ज मॅकनील या स्कॉटिश धावपटूकडे पाहिलं की कळतं. तो आधी फुटबॉल खेळायचा आणि त्याचा त्याला पगार मिळायचा. बस, एवढं पुरलं. पगारी फुटबॉलपटू म्हणून हौशी ॲथलेटिक्सचं दार त्याला कायमचं बंद. 1970 मध्ये त्याने 120 यार्ड 11.14 सेकंदांत धावून व्यावसायिक विश्वविक्रम केला. त्याच वर्षी राष्ट्रकुल स्पर्धा भरल्या त्या एडिनबरात. घराजवळच्या स्टेडियममध्ये जगभरातले धावपटू आले आणि हा आपल्या वेगाच्या शिखरावर असताना स्टँडमध्ये. 1972 ला त्याने पाऊडरहॉल जिंकली आणि 1981 मध्ये, वयाच्या 34 व्या वर्षी, स्टॉवेल गिफ्ट. दोन्ही जिंकणारा तो पहिला.

मॅकनील ज्या गोटात घडला तो जिम ब्रॅडलीचा. त्या गोटाची खासियत म्हणजे स्पीडबॉल, मुष्टियोद्धे ज्यावर सराव करतात तो टांगता लहान चेंडू. उभं राहून, हात-खांदे-कंबर एका तालात ठेवून त्यावर मिनिटामिनिटाच्या फेऱ्या मारायच्या. एरवीच्या प्रशिक्षकांना ते खूळ वाटायचं. पण एडिनबराच्याच ॲलन वेल्सने ही व्यावसायिकांची पद्धत उचलली आणि 1980 मध्ये मॉस्को ऑलिंपिकचं 100 मीटरचं सुवर्ण घेतलं. ज्यांना ऑलिंपिकच्या दाराशी उभं राहू दिलं नाही, त्यांची विद्या अशी मागच्या दाराने आत गेली. मी स्वतः मुलांना स्पीडबॉल देतो. खांदे मोकळे ठेवून हात जलद चालवायला शिकवणारं याहून चांगलं साधन मला अजून मिळालेलं नाही.

1980 च्या दशकात हौशी-व्यावसायिक भेद हळूहळू गळून पडला. 1990 ची गिफ्ट जिंकणारा डीन कापोबियान्को दोन वर्षांनी बार्सिलोना ऑलिंपिकला धावला. वीस वर्षांपूर्वी मॅकनीलला हे स्वप्नातही शक्य नव्हतं.

आता मूळ प्रश्नाकडे. वेगवान माणसाला मागे ठेवून हरवायचंच असतं का? तसं असतं तर स्क्रॅचवरून कोणी कधी जिंकलंच नसतं. 1975 मध्ये मादागास्करचा जाँ-लुई रावेलोमानान्त्सोआ जिंकला. 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये 100 मीटरच्या अंतिम फेरीत धावलेला माणूस. स्टॉवेलच्या इतिहासात स्क्रॅचवरून जिंकणारा तो पहिलाच, म्हणजे त्यासाठी जवळपास शंभर वर्षं जावी लागली. त्यानंतर 2005 मध्ये जॉश रॉस. तोच रॉस 2003 मध्ये सात मीटरवरून जिंकला होता. दोन वर्षांत हँडिकॅपरने त्याला सात मीटर मागे ओढलं आणि तरी तो पुन्हा पहिला आला. या एका उदाहरणात या खेळाचं सगळं मर्म आहे. सात मीटरवरचा विजय त्याच्या तेव्हाच्या वकुबाचा होता, स्क्रॅचवरचा नंतरच्या, आणि मधली सात मीटर त्याने स्वतः कमावली होती. दोनदा जिंकणं किती अवघड ते यावरून कळेल की त्याच्याआधी ते फक्त बिल हॉवर्डला जमलं होतं, 1966 आणि 1967 मध्ये.

म्हणून जॉन एव्हान्सचा विजय खरा. गाउटपेक्षा तो वेगवान आहे असा त्याचा दावा नाही आणि कोणाचाही नाही. त्याच्याबद्दल हँडिकॅपरने जो अंदाज छापला होता, त्यापेक्षा तो त्या दिवशी जास्त चांगला धावला, आणि तेच दाखवणं हे या शर्यतीचं काम आहे. गाउटबद्दल म्हणाल, तर एक मीटरचा मार्क त्याला शिक्षा म्हणून मिळालेला नव्हता. तिथल्या हँडिकॅपरने त्याला जाहीरपणे दिलेला तो मान होता. शिवाय त्याची खरी ताकद 200 मीटरमध्ये आहे. 120 मीटरच्या गवतावर समोर सहा-सात-दहा मीटर पुढे माणसं दिसत असताना मोकळं धावणं ही वेगळी विद्या आहे. बॅकमार्करचा मोह असतो तो चाळीस मीटरच्या आतच पाठलाग सुरू करण्याचा. तसं केलं की मान ताठ होते, पाऊल लांबतं आणि शेवटचे पंधरा मीटर हातातून जातात. फ्रंटमार्करची व्यथा उलटी. त्याला समोर काहीच दिसत नाही, फक्त मागून पावलं ऐकू येतात, आणि एकदा का वळून बघितलं की अर्धा मीटर गेलाच.

‘आजही लबाडी चालते का’ असं पुढचं कोणी विचारणार, म्हणून सांगतो. पूर्वीइतकी नाही. आज प्रत्येक अधिकृत शर्यतीची इलेक्ट्रॉनिक वेळ नोंदली जाते, फोनवर चित्रीकरण होतं. एखाद्याची ईस्टरला वेळ एकाएकी सुधारली तर स्टुअर्ड, म्हणजे शर्यतीवर नजर ठेवणारे अधिकारी, त्याला बोलावून आधीच्या शर्यतींचा जाब विचारतात. विजेत्यालाच मोठा दंड झाल्याची उदाहरणं अलीकडच्या काळात आहेत. सट्टाही आता बक्षिसापुढे लहान झाला आहे. 2015 पासून पुरुष आणि महिला दोघांच्याही गिफ्टला पहिलं बक्षीस 40,000 ऑस्ट्रेलियन डॉलर, सारखंच. आणि ज्या दिवशी गाउटची चर्चा झाली त्याच 2025 च्या ईस्टरला ब्री रिझोने महिलांची गिफ्ट स्क्रॅचवरून जिंकली. महिलांमध्ये असं पहिल्यांदाच घडलं. विचारणाऱ्याने ही बातमी वाचली नसावी. माझ्या दृष्टीने त्या आठवड्याची मोठी बातमी ती होती.

पुढच्या ईस्टरला शर्यत पाहणार असाल तर एवढं करा. हीटच्या आधी मार्कांची यादी बघा आणि प्रत्येकाच्या हीट, उपांत्य व अंतिम अशा तिन्ही वेळा लिहून ठेवा. हीटमध्ये सावकाश आणि अंतिम फेरीत चार दशांशांनी वेगवान झालेला कोणी दिसला, तर स्टुअर्डही त्याच्याचकडे बघत असतील. शर्यत सुरू झाली की पुढच्याकडे बघू नका. साठ मीटरपर्यंत लाल कपड्यांकडे नजर ठेवा आणि त्याचे खांदे बघा. खांदे खाली असतील तर तो अजून शर्यतीत आहे. कानाजवळ गेले असतील तर नजर उचलून निळ्या-पिवळ्याकडे न्या, कारण बहुतेक वेळा शर्यत त्या मधल्या मार्कांवर जिंकली जाते.